पोपट मेला, हे सांगायचं कुणी?

मामांचा फोन आला की पहिली पाच मिनिटं तब्येत, पुढची पाच सातारचा पाऊस आणि मग खरा मुद्दा. या वेळचा खरा मुद्दा असा होता: "काय गं, तुमच्याकडे आता पोपटांनाही मोबाइल दिलेत म्हणे?"

झालं होतं असं की आमच्या पर्थच्या काळ्या काकाकुवांच्या शेपटीला उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावतात, त्याबद्दलचं काहीतरी मीच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत सरळ दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, पैसे वर आलेत यांचे. दुसरा म्हणाला, बघा, याला म्हणतात निसर्गप्रेम, नाहीतर आपण! पहिल्या पक्षाशी माझं फारसं भांडण नाही. त्यांना उत्तर देता येतं आणि पुढे देतेही. माझं भांडण आहे ते कौतुक करणाऱ्यांशी. कारण हेच कौतुक इथले मंत्री, बिल्डर आणि त्यांचे सल्लागारही करतात, आणि त्या टाळ्यांच्या गजरात झाडं पडल्याचा आवाज कुणाला येत नाही.

आधी पक्षी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

पर्थ हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं शहर. या कोपऱ्यात काळ्या काकाकुव्यांच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही संकटात आहेत. मी बोलतेय ती कार्नाबीज ब्लॅक कॉकटूबद्दल. आयव्हन कार्नाबी या निसर्ग-अभ्यासकाने १९४८ मध्ये तिचं वेगळेपण नोंदवलं म्हणून हे नाव. इथले मूळ रहिवासी नूंगार लोक तिला नूलार्क म्हणतात, ते नाव अर्थात फार जुनं. पक्षी चांगला कावळ्यापेक्षा मोठा, काळाभोर, गालावर पांढरा ठिपका, शेपटीत पांढरा पट्टा. उडताना "वी-लू, वी-लू" असा लांबलचक हेल काढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेजारच्यांच्या फाटकाला तेल हवंय. जोडी जमली की बहुधा जन्माची. अंडी सहसा दोन, पण वाढतं बहुतेक वेळा एकच पिल्लू. म्हणजे हे आपल्या राव्यांसारखं प्रकरण नाही, की पेरूची बाग पाडली तरी पुढच्या वर्षी थवा दुप्पट. हा सावकाश जगणारा, उशिरा वाढणारा, दीर्घायुषी पक्षी आहे. अशा पक्ष्याची गंमत, म्हणजे खरं तर शोकांतिका, अशी की म्हातारे पक्षी वर्षानुवर्षं उडताना दिसत राहतात आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. पिल्लं वाढत नाहीत हे लक्षात यायला दहा-वीस वर्षं जातात.

त्याला जगायला दोन गोष्टी लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. घरट्यासाठी आतल्या गव्हाच्या पट्ट्यातल्या सामन गम, वांडू अशा निलगिरीच्या भाऊबंदांमधल्या ढोल्या. अशी ढोली व्हायला झाडाचं वय शंभराच्या वर लागतं. पिल्लं उडती झाली की सगळी वरात किनाऱ्याकडे, म्हणजे पर्थच्या बाजूला येते, बँक्सियाच्या बिया, हेकिया, मारीची फळं (बिस्किट नव्हे, मारी नावाचं झाड आहे) आणि पाइनचे कोन खायला. आता गव्हाचा पट्टा गहू पेरायचा म्हणूनच मोकळा केलेला. १९६० च्या दशकात इथल्या सरकारची घोषणाच होती, वर्षाला दहा लाख एकर. काही तालुक्यांत मूळ रानाचा दहावा हिस्साही उरला नाही. आणि किनाऱ्यावरच्या बँक्सियाच्या रानावर आमचं हे शहर उभं आहे, उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरहून लांब पसरलेलं. म्हणजे बिचाऱ्याचं घर गव्हाने नेलं आणि ताट आपण नेलं.

आता यंत्र. हे जमवणं खरोखर अवघड होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. काकाकुव्याची चोच म्हणजे अडकित्ता. पाठीला पट्टा बांधला तर तो कुरतडून टाकणार, हे ठरलेलं. शिवाय पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जड काही त्याच्यावर लादायचं नाही असा दंडक आहे. साडेसहाशे ग्रॅमच्या पक्ष्याला म्हणजे वीस-तीस ग्रॅम झाले, मुठीत मावणाऱ्या शेंगदाण्यांएवढे. इथल्या मर्डॉक विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी आणि संशोधकांनी शेपटीच्या मधल्या पिसांना यंत्र जोडायची रीत बसवली. पिसं झडली की यंत्र आपोआप गळतं, पक्षी मोकळा. बरेचसे पक्षी मुळात जखमी अवस्थेत सापडलेले, बहुतेकदा गाडीची धडक बसलेले. पर्थच्या प्राणिसंग्रहालयात त्यांच्यावर उपचार होतात, मग कारकिन नावाच्या केंद्रात महिनोन्महिने मोठ्या पिंजऱ्यात उडायचा सराव आणि मग यंत्रासह सुटका.

यंत्रातून ठरावीक वेळाने एक हाक जाते. आर्गोस नावाची फ्रेंच-अमेरिकन व्यवस्था १९७८ पासून अशा हाका ऐकते आहे. डोक्यावरून जाणारा उपग्रह त्या हाकेचा सूर कसा बदलतो ते मोजतो. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते ना, तेच. त्यावरून पक्षी साधारण कुठे आहे ते कळतं. जोडीला जीपीएस असेल तर कोणत्या झाडावर इथपर्यंत.

पहिल्या पक्षाला उत्तर असं. एक यंत्र काही हजार डॉलरला पडतं, हे खरं. पण बरा करून सोडलेला पक्षी जगतो का, रानटी थव्यात त्याला घेतात का, हे त्याशिवाय कळलं नसतं. कळलं: घेतात. रात्री थवा कुठे उतरतो, सकाळी तिथून किती लांब चरायला जातो, वाटेत पाणी कुठे पितो, रस्त्याकडेच्या चिंचोळ्या झाडीत किती वेळ काढतो (म्हणूनच गाड्यांना धडकतो), हे सगळं जमिनीवरून दुर्बीण घेऊन पळणाऱ्या माणसाला जन्मात जमलं नसतं. मीही काही वर्षं एप्रिलमधल्या संध्याकाळी वही घेऊन मोजणीला बसले आहे. २०१० पासून बर्डलाइफ या संस्थेने ही मोजणी अनेक वर्षं भरवली, शेकडो माणसं एकाच संध्याकाळी आपापल्या झाडाखाली. सूर्य मावळताना थवा येतो, तुम्ही धांदलीत मोजता, दोनशे बारा की दोनशे एकवीस यावर शेजारच्या आजींशी वाद होतो, आणि ते सकाळी कुठून आले होते हे तुम्हाला कळतच नाही. यंत्राने ते कळलं. तेव्हा मामा, पैसे वर आलेले नाहीत. यंत्र आपलं काम चोख करतं.

प्रश्न त्यापुढचा आहे. यंत्राने सांगितल्यावर पुढे कोण काय करतं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या उपनगरापलीकडे एक नवी वसाहत होणार म्हणून रहिवाशांची बैठक बोलावली होती. नाव कुणाचंच घेत नाही, कारण या नाटकात नट बदलले तरी संहिता तीच असते. चहा, बिस्किटं, भिंतीवर मोठा नकाशा. नकाशावर काकाकुव्यांच्या वावराचे ठिपके, सुरेख रंगीत. रात्रीच्या मुक्कामाची झाडं गोल करून दाखवलेली. सल्लागार बाई हुशार होत्या, पक्ष्यांबद्दल मनापासून बोलत होत्या. ठिपक्यांचा सगळ्यात दाट पुंजका नेमका जिथे वसाहतीचा दुसरा टप्पा होणार तिथे. मी विचारलं, मग ही बँक्सिया राहणार ना? त्या म्हणाल्या, पक्षी या जागेचा वापर कसा करतात याची आणखी माहिती गोळा करणं हा आमच्या आराखड्याचा भाग आहे. मी परत विचारलं, पण झाडं राहणार का? त्या म्हणाल्या, पाच वर्षं निरीक्षण चालू राहील.

पुढच्या हिवाळ्यात बुलडोझर आले. निरीक्षण चालू आहे. कशाचं ते विचारू नका. वाळूचं असावं.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली बिरबलाची गोष्ट मला तेव्हा आठवली. बादशहाचा लाडका पोपट. तो मेला असं जो सांगेल त्याचं डोकं उडवणार, अशी तंबी. पोपट मरतो, नोकर घाबरून बिरबलाकडे जातो. मग बिरबल दरबारात म्हणतो, खाविंद, पोपट खात नाही, पीत नाही, चोच हलवत नाही, पाय वर करून ध्यानाला बसलाय. शेवटी बादशहाच वैतागून म्हणतो, अरे म्हणजे मेला म्हण की! या गोष्टीत बिरबलाच्या चातुर्याला आपण हसतो, पण बादशहाचंही कौतुक करा. वर्णन ऐकून त्याला अर्थ कळला आणि तो शब्द त्याने उच्चारला. आमच्याकडचे अहवाल अगदी बिरबलाच्या भाषेत असतात. "अधिवासाचा दर्जा खालावत आहे." "प्रजननात घट संभवते." "दीर्घकालीन निरीक्षणाची शिफारस." आणि बादशहा म्हणतो, वा! ध्यानाला बसलाय का? मग त्याच्या ध्यानाचा तीन वर्षांचा अभ्यास करा, मी निधी देतो.

कुणी म्हणेल, तू अतिशयोक्ती करतेस, माहिती असल्याशिवाय कृती कशी करणार? मला मान्य आहे. पण माहिती नव्हती केव्हा? डेनिस साँडर्स नावाचे शास्त्रज्ञ १९६९ मध्ये गव्हाच्या पट्ट्यात या पक्ष्याच्या मागे लागले. उपग्रह नाही, काही नाही. शिडी, वजनकाटा, पायात घालायच्या कड्या आणि चिकाटी. कूमालो क्रीक या ठिकाणी आजूबाजूला रान शिल्लक होतं, तिथे पिल्लं धष्टपुष्ट. मॅनमॅनिंग नावाच्या दुसऱ्या ठिकाणी रान साफ झालं होतं, आईबाप चाऱ्यासाठी लांबलांब जायचे, पिल्लं वजनाला कमी. वर्षामागून वर्ष साँडर्स तिथली घरटी मोजत राहिले आणि १९७७ पर्यंत मोजायला काही उरलं नाही. मॅनमॅनिंगचे काकाकुवे संपले. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने शून्यापर्यंत मोजून दाखवलं होतं की घरट्याच्या टप्प्यातला चारा गेला की हा पक्षी जातो. साधारण बारा किलोमीटरचा टप्पा. त्यानंतर आपण उपग्रह लावले आणि काय शोधलं? की घरट्याच्या टप्प्यातला चारा गेला की हा पक्षी जातो. फरक एवढाच की आता ठिपके रंगीत आहेत.

साँडर्स यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर सगळंच व्यर्थ असा समज होईल. कूमालोला जुन्या ढोल्या कोसळत चालल्या होत्या. तिथे ढोल्यांची डागडुजी केली, झाडांना नळकांड्यासारखी कृत्रिम घरटी टांगली आणि विणीच्या जोड्या वाढल्या. साधं काम. सुतार, शिडी, दोर. टांगली की पक्षी येतात, फक्त शेजारी रान हवं. हेच ते "फक्त", ज्याच्यावर सगळं अडतं.

आता पाइनची गोष्ट, कारण तिथे प्रकरण खरोखर गुंतागुंतीचं आहे आणि मला सोपं खलनायक-नायक करायचं नाही. पर्थच्या उत्तरेला नांगारा भागात १९२० च्या दशकापासून सरकारने लाकडासाठी पाइन लावले, हजारो हेक्टर. परदेशी झाड, पण काकाकुव्यांनी पुढे ते आपलंसं केलं. बँक्सिया जात गेली तसतसे ते पाइनच्या कोनांवर अधिकाधिक विसंबले. (पोट भरायला काय करावं लागतं ते या पक्ष्यांकडून शिकावं. त्यांचे लाल शेपटीचे भाऊबंद आता शहरात येऊन केप लायलॅकची फळं खातात. ते झाड म्हणजे आपलं बकाण निंब. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झाडाखाली उभी राहून उगीचच हसत होते.) पण नांगाराच्या वाळूखाली पर्थचा मोठा भूजलसाठा आहे आणि दाट पाइन ते पाणी मुरूच देत नाहीत. पाऊस वर्षानुवर्षं कमी होतोय. तेव्हा पाइन तोडायचे आणि परत लावायचे नाहीत असं ठरलं. पाण्याच्या बाजूने पाहिलं तर निर्णय चूक म्हणता येणार नाही.

पण तो एका रात्रीत झालेला नाही ना. २००२ मध्ये लाकडाचा करारही कायदा म्हणून विधिमंडळातून गेला. पाइन जाणार हे कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. पक्षी पाइनवर जगतात हेही माहीत होतं, यंत्रांनी ते घट्ट करून दिलं. म्हणजे इकडे कुऱ्हाडीचं वेळापत्रक आणि तिकडे थव्याचं वेळापत्रक, दोन्ही हातात. मग बदली जेवण आधी तयार करायला नको? बँक्सिया लावली तर थव्याला पोटभर बिया द्यायला वर्षं घेते. पाहुणे दाराशी आल्यावर तांदूळ पेरायला जाणाऱ्या घराला आपण काय म्हणतो? २०११ मध्ये पर्थ आणि पील भागाचा एक भलामोठा एकत्रित आराखडा सुरू झाला, २०१५ मध्ये त्याचा मसुदा आला आणि २०१८ मध्ये तो बासनात गेला. दरम्यान पाइन तोडणं काही बासनात गेलं नाही. त्यात २०२३-२४ चा उन्हाळा इतका कोरडा गेला की उभ्या बँक्सिया आणि जंगलातली झाडं तपकिरी झाली. त्याआधी २०१० च्या एकाच जानेवारीत दक्षिण किनाऱ्याच्या बाजूला उष्णतेच्या लाटेत शंभराहून जास्त पक्षी मेले होते आणि दोनच महिन्यांत पर्थमधल्या गारपिटीत आणखी. ज्याचं ताट आधीच काढून घेतलंय त्याला असा एक वाईट उन्हाळा पुरतो.

यावर व्यवस्थेचं लाडकं उत्तर आहे: भरपाईची जमीन. इथे रान तोडा आणि त्याबदल्यात दुसरीकडे असलेलं रान विकत घेऊन राखा. ऐकायला बरं वाटतं. पण हिशोब करून बघा. माझ्याकडे दोन भाकऱ्या आहेत. तुम्ही एक खाल्लीत आणि दुसरीवर झाकण ठेवून म्हणालात, ही आता सुरक्षित, भरपाई झाली. माझ्याकडे भाकऱ्या किती राहिल्या? हे मी एकटी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण कायद्याचा सरकारनेच नेमलेला आढावा ग्रेम सॅम्युअल यांनी २०२० मध्ये दिला. कायदा परिणामशून्य आहे आणि भरपाईची ही पद्धत ऱ्हासाला हातभार लावते, असाच त्याचा सूर होता. २०२५ च्या नोव्हेंबरात संसदेने कायद्यात मोठ्या दुरुस्त्या मंजूर केल्या. त्यांचं प्रत्यक्षात काय होतं ते बघूच. भाकरी पोटात जाईपर्यंत मी पंगतीचं कौतुक करत नाही.

"मग माणसांनी राहायचं कुठे?" हा प्रश्न मला इथल्या गणपतीत हमखास विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. आपल्यातली कितीतरी मंडळी शहराच्या उत्तर-दक्षिण टोकांना नव्या वस्त्यांत घरं घेतात, कारण तिथलीच परवडतात. त्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही आणि इच्छाही नाही. माझा राग घर घेणाऱ्यावर नाही, घर असंच बांधता येतं असं सांगणाऱ्यावर आहे. एक मजली घर, दोन गाड्यांचं गॅरेज, आणि त्यासाठी आधी सगळा तुकडा खरवडून वाळूचं मैदान करायचं, मग त्यावर हातभर उंचीची शोभेची रोपं लावून रस्त्याला "बँक्सिया" असं नाव द्यायचं. रेल्वेच्या जवळ चार-पाच मजली इमारती बांधल्या तर आकाश कोसळेल अशी इथे समजूत आहे. डोंबिवलीच्या माणसाला ती कशी पटावी? जुनी मारीची झाडं ठेवून प्लॉट पाडता येतात, रस्ता वळवता येतो. अडतं ते खर्चावर, आणि कुणी भाग पाडत नाही यावर. २०१६ च्या डिसेंबरात शहराच्या दक्षिणेला बीलियरच्या पाणथळीतून महामार्ग न्यायला झाडं तोडायला सुरुवात झाली, लोक बुलडोझरसमोर बसले, आणि मार्च २०१७ च्या निवडणुकीत सरकार बदलल्यावर काम थांबलं. ते थांबवलं मतदारांनी. उपग्रहाने नव्हे.

उलट उदाहरणं बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

न्यूझीलंडचा काकापो, न उडणारा जाडा हिरवा पोपट. १९९५ मध्ये ५१ उरले होते, २०२२ मध्ये अडीचशेवर गेले. त्यांच्याही पाठीवर यंत्र आहे, तेसुद्धा साधं रेडिओचं. पण ज्या बेटांवर ते ठेवले तिथले उंदीर, मांजरी, स्टोट आधी हटवले. कॉडफिश बेटावरचे उंदीर १९९८ मध्ये संपवले. आणि यंत्राने काही वेगळं सांगितलं की त्या रात्री कुणीतरी टॉर्च घेऊन चिखलातून घरट्याकडे निघतं. कोस्टारिकात मोठ्या हिरव्या मकाव पोपटांना १९९० च्या दशकात जॉर्ज पॉवेल आणि सहकाऱ्यांनी रेडिओ लावले. कळलं की ते आलमेंद्रो नावाच्या झाडावर घरट्यासाठी आणि अन्नासाठी विसंबून आहेत. त्यातून पुढे २००५ मध्ये माकेंके अभयारण्य झालं आणि २००८ मध्ये न्यायालयाने त्या भागात आलमेंद्रो तोडायला मनाई केली. झाडाचं नाव कळलं, तर त्या झाडाला हात लावायचा नाही. इतकं सरळ.

आणि घरच्या मंडळींनो, "नाहीतर आपण" म्हणण्याआधी वेळास आठवा. जानेवारी २०२२ मध्ये तिथे एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावलं, तिचं नाव प्रथमा ठेवलं, पेपरात फोटो आले, तुम्हीच मला पाठवलेत. पण त्याच्या वीस वर्षं आधी, २००२ पासून, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि वेळासच्या गावकऱ्यांनी कासवांची अंडी कुंपणात राखायला सुरुवात केली होती. ज्या गावात अंडी खाल्ली-विकली जायची तिथे लोक पिल्लं समुद्रात सोडायचा उत्सव करायला लागले. यंत्र आलं ते राखणीच्या मागून. पर्थमध्ये यंत्र पुढे आणि राखण मागे, तीही येईल तेव्हा. तेव्हा या बाबतीत कोकणाने ऑस्ट्रेलियाचं कौतुक करायची गरज नाही, हवं तर शिकवणी लावावी.

मला काय हवंय? यंत्रं बंद करा असं मी म्हणत नाही, उलट आणखी लावा. पण ज्या प्रकल्पाच्या पैशातून यंत्र लावलं, त्या प्रकल्पाच्या परवान्यात आधीच लिहा: ठिपके इथे दाट आले तर हा तुकडा तोडायचा नाही. ठिपके येण्याआधी लिहा, आल्यावर नव्हे. आल्यावर सगळ्यांना "आणखी माहिती" हवी असते. चरायच्या आणि मुक्कामाच्या जागांचे नकाशे नगरपालिकेच्या नकाशांवर तसेच उघडे छापा, जसे पुराचे पट्टे छापता. घरट्यांच्या ढोल्या मात्र गुप्तच राहू द्या, पिल्लं चोरणारे अजूनही आहेत. आणि पाइन किंवा बँक्सिया तोडायची तारीख ठरवायची असेल तर बदलीची झाडं बिया देऊ लागली आहेत का ते आधी मोजा. मोजायची एवढी हौस आहेच, तर हे मोजा.

हे सगळं लिहायचं तात्कालिक कारण म्हणजे आमच्या भागातल्या एका रस्तारुंदीकरणावर सध्या हरकती मागवल्या आहेत. त्या रस्त्याकडेला मारीची जुनी झाडं आहेत आणि शरदात थवा तिथे उतरतो. पर्थमध्ये राहणाऱ्यांनी, कितीही दूर राहत असलात तरी, हरकत नोंदवता येते. मी इंग्रजी मसुदा करून ठेवलाय, दीड पानाचा, मागाल त्याला मेल करते. तुम्ही थवा कुठे, कधी पाहिलात ती एक ओळ मात्र स्वतःची घाला, तारखेसह. एकसारखी पत्रं आली की ते सगळ्यांचं मिळून एकच पत्र धरतात.